उजव्या हाताचं बोलणं

हेमांगी झाडेच्या हातून चहाचा पहिला कप निसटला तेव्हा तिला वाटलं, कप ओला असेल. आठवड्याभरात दुसरा निसटला. तो कोरडा होता.

नागपुरातून वर्धा रोडनं निघालं की शहर मागे पडल्यावर एक लांबट पांढरी इमारत लागते. तिथल्या प्रयोगशाळेत रुग्णाच्याच पेशी वाढवून त्याच्यापुरतं औषध बनवलं जाई. बाटल्या हलवणं, मोजणं, गोठवणं ही कामं यंत्रांचे हात करत. पण आजाऱ्याच्या अंगातून आलेल्या पेशी थोड्या असत आणि दमलेल्या असत. यंत्राचा ठराविक झटका त्यांना सोसत नसे. म्हणून पहिले पंधरा दिवस माणसाचा हातच लागे. काचेच्या कॅबिनेटमध्ये दोन्ही हात घालून बसायचं, कोपरं अधांतरी, मान पुढे, आणि थेंब मोजून टाकायच्या पिपेटचं बटण अंगठ्यानं दाबायचं, सोडायचं, दाबायचं. दिवस मावळेपर्यंत हेच.

माणसाचं शरीर यासाठी घडलेलं नाही. मनगटापाशी अंगठ्याच्या कंडरा एका अरुंद आवरणातून जातात, पायजम्याच्या नेफ्यातून नाडी जावी तशा. नाडी हजारदा मागेपुढे ओढली की नेफा घासतो, सुजतो, आणि मग नाडी आतच अडकते. हेमांगीचं तेच झालं होतं. मैथिलीची, म्हणजे नऊ वर्षांच्या लेकीची, वेणी घालताना तिला अर्ध्यात थांबावं लागे.

"सोडून दे ना नोकरी," प्रफुल्ल म्हणाला. तो वीज कंपनीत होता. तारा, खांब, फ्यूज यांच्याशी त्याचा संबंध, त्यामुळे बिघडलेली गोष्ट बदलून टाकावी असं त्याचं सरळ मत. "हात एकच आहे उजवा."

"आणि घरी बसून काय करू? पोळ्या? त्यालाही हातच लागतो."

डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली, आणि त्याच सुमारास पुण्याहून मिहिर लेले नावाचा तरुण शास्त्रज्ञ बाही घेऊन आला.

बाही दिसायला साधी होती. कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत करड्या रंगाची, मऊ, आत केसाएवढ्या तारा विणलेल्या. लेलेनं सगळ्यांना बसवून समजावलं. "आपण बोट हलवायचं ठरवतो, तेव्हा बोट हलायच्या थोडं आधी स्नायूत विजेची लहर उठते. बाही ती लहर ओळखते. तुम्ही काय करणार आहात हे तिला तुमच्या बोटाआधी कळतं. मग भार ती उचलते. आणि हात चुकीच्या कोनात वळत असेल, तर अगदी हलकी झिणझिणी देऊन योग्य कोनात आणते. तुम्हाला जाणवणारही नाही."

"योग्य कोन कोणता ते कोणी ठरवलं?" बबिता नगराळेनं विचारलं. ती हेमांगीच्या शेजारच्या कॅबिनेटवर बसायची आणि शंका मनात ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"आपल्याकडच्याच उत्तम हातानं," लेले म्हणाला. "सुलभा वैरागडे. तीस वर्षं याच कामात, आणि आजारपणाची एक रजा नाही. त्यांच्या हाताची प्रत्येक हालचाल आम्ही दीड वर्ष टिपली. नुसती टिपणारी बाही त्या सकाळी कोटाच्या आणि हातमोज्याच्या आत घालायच्या आणि संध्याकाळी काढायच्या."

सुलभाताई सगळ्यांना आठवत होत्या. शेवटच्या कॅबिनेटवर बसणारी, कुणाच्या वाढदिवसाला न थांबणारी, संध्याकाळची बस चुकू न देणारी अबोल बाई. आदल्या वर्षी निमोनियानं गेल्या.

बाही घातल्यावर पहिल्याच दिवशी हेमांगी रडली. दुखत नव्हतं, म्हणून रडली. अंगठा बटणावर ठेवायचा आणि बटण जणू स्वतःहून खाली जायचं. थेंब मोत्यासारखे एकसारखे पडत. घरी येऊन तिनं मैथिलीच्या दोन घट्ट वेण्या घातल्या आणि रिबिनींची फुलं केली. दोन महिन्यांत हात इतका सुधारला की बाही काढल्यावरही तो त्याच वळणानं चाले. लेले म्हणाला होता, बाहीचं खरं यश तेच.

मग एका रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, प्रफुल्ल पालथा पडून पेंगत होता आणि हेमांगी शेजारी उशीला टेकून डोळे मिटून होती. तिचा उजवा हात त्याच्या पाठीवर होता.

"काय टाइप करून राहिली?" तो म्हणाला.

"अं?"

"पाठीवर. केव्हाची टकटक करून राहिली तू."

तिनं डोळे उघडले. बोटं हलत होती. एकेक बोट वेगळं उठत होतं आणि टेकत होतं, सावकाश, नेमकं. तिनं हात मागे घेतला तेव्हा बोटं थांबली. तिला हसू आलं, प्रफुल्लही हसला, आणि विषय तिथेच संपला. पण त्यानंतर तिचं लक्ष जाऊ लागलं. बस थांब्यावर उभी असताना पर्सवर, कुकरची शिट्टी व्हायची वाट पाहताना ओट्यावर, मैथिलीचा अभ्यास घेताना पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर. हात रिकामा झाला की बोटं सुरू. आणि गंमत म्हणून करावी तशी वेगवेगळी नाही, पुन्हा पुन्हा तेच.

ऑक्टोबरात एक दिवस जेवणाच्या सुट्टीत वीज गेली. एरवी त्या खोलीत वातानुकूलनाची घरघर असे, तिच्याखाली सगळं बुडून जाई. ती बंद पडली आणि खोली एकदम शांत झाली. डबे उघडलेले, अकरा माणसं लांब टेबलाभोवती, दिवे कधी येतात याची वाट पाहत. बोलणंही थांबलं होतं.

त्या शांततेत टकटक ऐकू आली.

हेमांगीनं आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तळवा टेबलावर टेकला, उचलला गेला. करंगळीशेजारचं बोट एकदा. जरा थांबून तेच बोट तीनदा. अंगठा दोनदा. पुन्हा करंगळीशेजारचं बोट एकदा. मग पहिल्यापासून. पण आवाज एका हाताचा नव्हता. तिनं मान वर केली. समोर बबिताचा हात तेच करत होता. तिच्या पलीकडे ढोके सरांचा. टेबलाच्या टोकाला नव्यानं लागलेल्या अश्विनीचा. अकरा उजवे हात, अकरा तळवे, एकाच लयीत टेकत होते, उठत होते. आणि त्या हातांच्या वरची माणसं कुणी खिडकीबाहेर पाहत होती, कुणी लोणचं चाटत होती.

"मायबाई," बबिता हळूच म्हणाली.

एकेकाच्या लक्षात आलं तसे हात टेबलावरून खाली गेले. कुणी खिशात घातला, कुणी मांडीखाली दाबला. अश्विनीनं आपला उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवला होता, लहान मूल धरावं तसा. दिवे आले तेव्हा सगळे भरभर जेवून उठले.

हेमांगी मात्र तडक लेलेकडे गेली.

"आवाज आहे तो," लेले म्हणाला. तो खरोखरच ओशाळला होता. "म्हणजे नको असलेली भर. सुलभाताई रिकाम्या बसल्या असताना बोटांशी चाळा करत असाव्यात. आम्ही दिवसभराचं टिपलं, त्यात तेही आलं. मला ते आधी गाळायला हवं होतं."

"पण सर, मी बाही घातलेली नसतानाही होतं."

"कारण आता ते बाहीत नाही, तुमच्यात आहे. तुम्हाला सायकल वडिलांनी शिकवली ना? मागून सीट धरली असेल, मग कधीतरी सोडली. सायकल तुम्ही चालवता, पण वळताना त्यांच्यासारख्या झुकता. मेंदूच्या मागच्या भागात हालचालींच्या अशा वाटा पडतात. बाहीनं तुमच्या हाताला सुलभाताईंच्या वाटेवरून रोज नेलं, आता ती वाट तुमची झाली. यात भुताखेताचं काही नाही, मॅडम."

"मी कुठे म्हटलं भूत?"

लेलेनं संगणकाकडे तोंड फिरवलं.

ते भूत नाही हे तिला पटलं होतं. पण चाळा असा नसतो हेही तिला पटलं होतं. चाळा करणारं बोट भरकटतं. हे बोट मोजत होतं.

बाहेर बबिता तिची वाट पाहत उभी होती. "मी तेव्हा घाटावर गेली होती," ती म्हणाली. "सुलभाताईंच्या वेळेस. त्यांचा एक भाऊ आहे. ऐकू येत नाही, दिसतही नाही. त्या त्याच्या हातावर बोटांनी बोलायच्या. दोघांचं मिळून त्यांनीच काढलेलं काहीतरी, बाहेरच्या कोणाला येत नाही. लग्नही नाही केलं त्याच्यासाठी. त्या दिवशी तो बिचारा जो येईल त्याचा हात धरून बघून राहिला होता. धरायचा, थोडं थांबायचा, सोडून द्यायचा."

"आता कुठे आहे?"

"वर्ध्याजवळ कुठल्याशा आश्रमात ठेवला म्हणतात चुलत भावानं."

हेमांगीला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बबिताकडून पत्ता मिळवला आणि प्रफुल्लला म्हणाली, "रविवारी मला वर्ध्याला घेऊन चल."

आश्रम म्हणजे कौलारू खोल्यांची एक रांग आणि पुढे मोठं अंगण. तिथली देखभाल पाहणाऱ्या रंजनाबाई त्यांना घेऊन गेल्या. मोरेश्वर वैरागडे अंगणात बसून बाजेला नवार विणत होता. पंचावन्नच्या आसपासचा, सडसडीत, केस नीट विंचरलेले. बोटं नवारीवरून अशी सरकत होती की तो पाहतच नाही यावर विश्वास बसू नये.

"बोलतात का ते?" हेमांगीनं विचारलं.

"बोलतात की. बाराव्या वर्षी तापात कान गेले, डोळे नंतर हळूहळू. बोलणं आहे. पण आम्ही काय सांगतो ते त्यांना कळायची सोय नाही. जेवणाची वेळ झाली की ताट हाताला लावतो, बस." रंजनाबाईंनी त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. पाहुणे आल्याची ती खूण असावी.

मोरेश्वरानं डावा हात पुढे केला, तळवा वर. त्यात काही अपेक्षा नव्हती. पाहुणे येतात, हात हातात घेतात, जातात. हेमांगी स्टुलावर बसली आणि तिनं आपला उजवा हात त्याच्या हातावर ठेवला, तळव्याला तळवा, अंगठ्याला अंगठा.

काही झालं नाही. अंगणात एक कोंबडी पायांनी माती उकरत होती. मग सवयीनंच असेल, त्याच्या तर्जनीनं तिच्या तर्जनीवर दोन हलके ठोके दिले.

हेमांगीची बोटं उठली.

तिनं ती उठवली नाहीत. करंगळी, मग तळवा, मग सगळी एकामागून एक, त्याच्या बोटांवर भराभर टेकू लागली, टेबलावर कधी टेकली नव्हती इतक्या वेगानं. मोरेश्वराच्या दुसऱ्या हातातली नवार गळून पडली.

"आज उशीर?" तो म्हणाला. आवाज मोठा होता आणि सपाट, स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसाचा.

बोटं चालली.

"बस नाही मिळाली? उभ्यानं आलीस मग."

बोटं चालली.

"आणि खाल्लं काय?" थोडा वेळ तो नुसता तिच्या बोटांकडे कान लावल्यासारखा मान कलती करून बसला, आणि खो खो हसला. "परत पोहे! अगं, किती पोहे खाशील, ताई!"

हेमांगी आपल्या हाताकडे पाहत राहिली. स्वतःचाच हात तिच्या डोळ्यांसमोर कुणाशी तरी बोलत होता. घरच्या गप्पा, बसच्या, खाण्याच्या. त्याची बाजू तिला ऐकू येत होती, तिची स्वतःची बाजू कळत नव्हती. आपला हात काय सांगतो आहे हे तिला त्या माणसाच्या उत्तरांवरून समजून घ्यावं लागत होतं. मागे रंजनाबाई तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. प्रफुल्ल फाटकापाशीच थबकला होता.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "ताई संध्याकाळी भावाला काय सांगायचं ते दुपारीच टेबलावर घोकत असेल. पेशी उबवायला ठेवल्या की वाट पाहावी लागते, तेव्हा. रोजचंच बोलणं, तीस वर्षांचं. ते सगळं बाहीत आलं. त्यानं खूण केली की हात पुढचं आपोआप म्हणतो. आरती म्हणताना आपलं तोंड म्हणतं ना, तसं."

प्रफुल्ल रस्त्याकडे पाहत होता. "तू हे मला सांगून राहिली का स्वतःला?"

ती दर रविवारी जाऊ लागली. ऐकता ऐकता तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. तो पोहे म्हणायचा त्याच्या आधी दरवेळी तिची करंगळी एकदा टेके आणि मग तळवा. बस म्हणायचा त्याच्या आधी करंगळी तीनदा. एका सकाळी कणीक मळताना ती मध्येच थांबली. प, फ, ब. करंगळी एकदा म्हणजे प, तीनदा म्हणजे ब. पाच बोटं आणि पाच वर्ग! अंगठ्यावर क ख ग घ, तर्जनीवर च छ ज, मधल्या बोटावर ट ठ ड, करंगळीशेजारी त थ द, करंगळीवर प फ ब. उरलेली अक्षरं तळव्याच्या कडेनं, आणि ह असेल तर अख्खा तळवा. काना-मात्रा समजून घ्यायच्या. कुण्या शाळकरी मुलीनं बहिऱ्या झालेल्या धाकट्या भावासाठी पाटीवरची मुळाक्षरं त्याच्या बोटांवर मांडली होती.

कणकेचा हात तसाच ओट्यावर होता, आणि तिच्याही नकळत तो सुरू झाला. तळवा. करंगळीशेजारचं बोट एकदा. तेच तीनदा. अंगठा दोनदा. पुन्हा तेच बोट एकदा.

ह, त. द, ख, त.

हात दुखतो.

हेमांगीनं हात धुतला, पुसला आणि तशीच खुर्चीत बसली. सुलभाताई हे भावाला कधी बोलल्या नव्हत्या. त्याच्या हातावर ही टकटक एकदाही उठली नव्हती, त्याच्या उत्तरांत दुखण्याचा विषय कधी आला नव्हता. हे त्या टेबलाला सांगत होत्या. दीड वर्ष, करड्या बाहीच्या आतून.

"ज्या हाताला तुम्ही उत्तम हात म्हणता," तिनं दुसऱ्या दिवशी लेलेला सांगितलं, "तो दुखत होता."

लेलेनं आधी मान हलवली, मग संगणकावर जुन्या नोंदी काढल्या आणि बराच वेळ पाहत राहिला. अंगठा वाचवण्यासाठी सुलभाताई मनगट किंचित बाहेर झुकवत. ती झुकण्याची लकब त्याला सुबक वाटली होती, म्हणून त्यानं ती योग्य कोन म्हणून घेतली. दुखऱ्या हातानं स्वतःपुरता काढलेला तो मार्ग होता. भार अंगठ्यावरून उठून करंगळीच्या बाजूच्या हाडांवर जात होता. बाही दुखणं दाबत होती, भार तिथेच होता.

"त्या एकदाही काही म्हणाल्या नाहीत," लेले म्हणाला.

"त्यांना कोणी विचारलं होतं?"

लेले लबाड माणूस नव्हता. त्यानं त्याच आठवड्यात सगळ्यांच्या मनगटांचे एमआरआय फोटो काढवले. अकरा फोटो त्यानं उजेडाच्या पाटीवर शेजारी शेजारी लावले. वयं वेगळी, हाडं वेगळी, जाडी वेगळी. आणि प्रत्येक मनगटात करंगळीच्या अंगाला, अगदी त्याच जागी, सुजेची तीच लहानशी पांढरी कोर. अश्विनीला कामाला लागून चारच महिने झाले होते.

बाह्या परत घेतल्या गेल्या. महिन्याभरानं लेले नवी आवृत्ती घेऊन आला. या वेळी शेकडो हातांची सरासरी काढली होती, कुणाचाच नसलेला हात. ती बाही दोन महिने घातली की जुनी वाट बुजेल, मनगट सरळ होईल, सूज उतरेल. आणि बोटांची टकटक जाईल, हे त्यानं आनंदानं सांगितलं. बहुतेकांनी तिथल्या तिथे हात पुढे केले. काही आठवड्यांत जेवणाचं टेबल शांत झालं. हेमांगीनं थोडा वेळ मागून घेतला.

तिचा हात पुन्हा दुखू लागला होता, आणि आता दोन्हीकडून, अंगठ्याकडून आणि करंगळीकडूनही.

"अजून काय विचार करायचा आहे?" प्रफुल्लनं विचारलं. मैथिली शाळेत गेली होती. "डॉक्टर म्हणून राहिला की असाच चालवला तर वर्षभरात हाड झिजेल. दुसऱ्याच्या भावासाठी हात घालवशील?"

"त्याच्याशी बोलणारं दुसरं कोणी नाही."

"तू तरी कुठे बोलते? हात बोलतो. आणि त्या माणसाला वाटून राहिलं की बहीण जिवंत आहे. हे बरं आहे का, हेमा?" तो खाली बघत म्हणाला, "मला एक सांगू? तू पाठीवर हात ठेवते तेव्हा मला समजत नाही कोण आहे. मी मुद्दाम कूस बदलतो."

हे तिला माहीत होतं. मैथिलीही रस्ता ओलांडताना हल्ली तिच्या डाव्या बाजूला येऊन डावा हात धरायची. ते कुणी तिला शिकवलं नव्हतं.

हेमांगीनं ठरवलं. मोरेश्वराला खरं सांगायचं, त्याची माफी मागायची, आणि सोमवारी नवी बाही घालायची. हवं तर ती मुळाक्षरं रंजनाबाईंना शिकवायची. सांगायचं ते डाव्या हातानं सांगायचं. डाव्या हाताला कधी बाही नव्हती. तो तिचा एकटीचा होता. आठवडाभर ती डाव्या हातानं मांडीवर अक्षरं गिरवत राहिली, पहिलीतल्या मुलीसारखी, चुकत, पुसत.

त्या रविवारी मोरेश्वर ओसरीवर बसला होता. उजव्या हाताचं नेहमीचं बोलणं झालं. उशीर, बस, पोहे. मग हेमांगीनं डावा हात त्याच्या दुसऱ्या तळव्यावर ठेवला. तो दचकला. ती एकेक अक्षर टेकवू लागली. मी ताई नाही. थांबली. ताई गेली. मी हेमांगी. शेवटच्या शब्दात ती दोनदा चुकली.

मोरेश्वराची मान खाली गेली. हात त्यानं सोडले नाहीत. तिला वाटलं, आता हा रडेल, किंवा ओरडेल, किंवा ढकलून देईल.

"ताईला मीच पाणी पाजलं शेवटचं," तो त्याच्या सपाट आवाजात म्हणाला. "तिचा हात गार झाला तेव्हा माझ्याच हातात होता. मला ताई गेल्याचं तुम्ही सांगता?" त्यानं तिचा डावा हात दाबून पाहिला, बोटं, नखं, मनगट. "हा तुमचा."

हो, तिनं टेकवलं.

मग त्यानं उजवा चाचपला. "आणि हा?"

डाव्या हाताला उत्तर सुचेना. बाही, लेले, मेंदूतल्या वाटा, हे सगळं पाच बोटांत कसं बसवायचं? ती अडखळली होती तेवढ्यात उजव्या हातानं स्वतःच उत्तर दिलं. आता तिला ते वाचता येत होतं. मोरू, जेवलास का.

"जेवलो," मोरेश्वर म्हणाला. त्याचा चेहरा उजव्या हाताच्या बाजूला वळला. "वरण पातळ होतं. ताई, त्या डाव्याला सांग, आपण बोलत असताना मध्ये बोलू नको म्हणावं."

हेमांगीनं डावा हात हळूच काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

प्रफुल्ल पायरीवर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो आत आला, तिच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसला.

"उद्या मी बाही घालणार नाही," ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली. "कॅबिनेटवर बसता येणार नाही मग. तपासणीच्या टेबलावर काम द्या म्हणून सांगते. हाताला पट्टा बांधीन. जितका टिकेल तितका टिकेल."

तिच्या मांडीवरचा डावा हात प्रफुल्लनं आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि धरून बसला.

पलीकडे मोरेश्वर कशाला तरी हसला. करंगळी टेकली, तळवा टेकला, अंगठा, पुन्हा करंगळी. अक्षरं एकामागून एक येत होती, ओळखीची, स्पष्ट. हेमांगीनं तिकडून मान फिरवली आणि ती अंगणाकडे पाहत राहिली. दोघांचं बोलणं संपेपर्यंत तिनं एकही अक्षर वाचलं नाही.